अकरा नंबरचा घास

गळ्याच्या वॉर्डात तिला सगळे घासमावशी म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती, गळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जेवू घालायचं. ऐकायला हे काम काहीच नाही. कुणीही म्हणेल, भरवायचं त्यात काय एवढं, घरोघरी आया भरवतातच की. असं म्हणणाऱ्याला एकदा त्या वॉर्डात आणून उभं करायला हवं. अर्धा चमचा पाणी चुकीच्या वाटेला लागलं की चांगला धडधाकट बाप्या कसा काळानिळा पडतो ते पाहिलं, की भल्याभल्यांची बोलती बंद होते.

गळ्यात दोन वाटा शेजारी शेजारी असतात. एक पोटाकडे जाते, दुसरी छातीकडे, आणि छातीच्या वाटेवर एक दार असतं. गाठ काढताना त्या दाराचाही तुकडा जातो, आणि जन्मभर ज्याचा कधी विचारही केला नाही ते गिळणं माणसाला पहिलीतल्या अक्षरासारखं गिरवावं लागतं. मावशी ते गिरवून घेई. हनुवटी छातीला लावा. श्वास रोखा. गिळा. पुन्हा एकदा नुसतंच गिळा. खाकरा. आता घ्या श्वास. एका घासाला एवढी कवायत, आणि घास तरी केवढा, तर अर्धा चमचा. पाणी अगदी शेवटी, कारण पाण्यासारखं लबाड काही नाही, ते कुठूनही घुसतं. आधी घट्ट लगदा. बटाटा, डाळ आणि दूध एकत्र शिजवून, दोनदा चाळणीतून घासून मावशी तो स्वतः करी. चमचा तिरपा केला तर गोळा सरकला पाहिजे, ओघळता कामा नये. त्या पातेल्यात कुणी लुडबूड केलेली तिला खपत नसे, मग ती सिस्टर असो नाहीतर मोठे डॉक्टर.

आणि घरच्यांचं म्हणाल तर त्यांची मजाच असे. बायको, आई, मुलगी, जी कोण येई ती याच तोऱ्यात, की आमचं माणूस आमच्या हातून नाही जेवणार तर कुणाच्या हातून जेवणार. पहिल्याच चमच्याला माणसाला ठसका लागे आणि बाई घाबरून मागे सरे. मग मावशी पुढे होई, खुर्ची ओढून घेई आणि तोच माणूस तिच्या हातून अर्धी वाटी गुपचूप संपवी. बाईच्या नाकाला मिरच्या झोंबत. मावशी वरवर म्हणे, अहो, सवयीचा भाग आहे. पण मनातून तिला ते फार आवडे. घरी गेल्यावर त्या दिवशीची भाजीही तिला जरा बरी लागे.

तर दुसऱ्यांचा जळफळाट बघण्यात तिची बावीस वर्षं मजेत गेली. स्वतःच्या पोटात दुखायला लागलं ते अकरा नंबरच्या खाटेपाशी.

अकरा नंबरला चावीवाला होता. बाजाराच्या तोंडाशी त्याचं खोक्याएवढं दुकान, तिथं तो चाव्या करून द्यायचा आणि शेजारी त्याची बायको छत्र्या दुरुस्त करत बसायची. वय साठीच्या आतबाहेर, अंगाने वाळका, आणि नजर अशी की समोरच्याच्या तोंडात कुठली चावी बसेल ते बघतोय. त्याच्या गळ्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्राचा अर्धा भाग गेला. मानेला भोक, भोकात श्वासाची नळी, त्यामुळे सध्या आवाज बंद. मानेतल्या गाठी खरवडताना उजवा खांदा लुळा झाला होता, चमचा तोंडापर्यंत पोचत नसे, आणि डाव्या हाताने सगळं छातीवर सांडे. म्हणजे भरवायला माणूस हवंच.

एका शुक्रवारी मावशीने त्याला पहिला घास दिला. त्या वॉर्डात सुरुवातीचे काही दिवस लगद्यात निळा रंग घालत, म्हणजे घास छातीच्या वाटेला गेला तर मानेच्या नळीतून निळं येतं आणि चोरी पकडली जाते. मावशीने सांगितलं तसं चावीवाल्याने केलं. हनुवटी खाली, श्वास बंद, गिळलं, पुन्हा गिळलं, खाकरला. नळी स्वच्छ. बावीस वर्षांत इतका आज्ञाधारक गळा तिने पाहिला नव्हता. शेवटच्या घासानंतर त्याने डावा हात उचलून कपाळाला लावला, देवळात लावतात तसा.

पुढे प्रत्येक वाटीनंतर तो तसाच हात लावू लागला. मावशी फुलून गेली. तिची ढकलगाडी आतापर्यंत एक नंबरपासून निघायची, ती आता अकरा नंबरपासून निघू लागली. दहा नंबरच्या म्हाताऱ्याने कुरकुर केली तर मावशी म्हणाली, तुमचा गळा कुठं पळून चाललाय का. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या की मावशींची अकरा नंबरवर मर्जी बसली. मावशीने तोंड वेंगाडलं, पण नाही म्हणाली नाही.

एकच गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपे. भेटायची वेळ दुपारी बाराची. पण अकरा वाजल्यापासूनच चावीवाल्याची नजर दाराला चिकटे. मावशी समोर बसून भरवत असली तरी गिळून झालं की डोळे पुन्हा तिकडेच. आणि बाराच्या ठोक्याला त्याची बायको आत शिरे, ती बोलतच. जिन्यात कुणाशी तरी सुरू झालेलं वाक्य ती खाटेपाशी येऊन संपवायची. वॉर्डातल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव रेडिओ ठेवलं. आज कोण गिऱ्हाईक आलं, कुणाची छत्री उलटी झाली, शेजारच्या दुकानदाराने फळी कशी पुढे सरकवली, सगळं ती सांगे, आणि हा बोलता न येणारा माणूस भुवयांनी तिला उत्तरं देई. मावशी गाडीवरच्या वाट्या उगाचच आदळत बाजूने जाई.

रुग्णालयाचा नियम असा होता की घरच्या माणसाच्या हातून एक पूर्ण वाटी, ठसका न लागता आणि नळीतून निळं न येता पोटात गेली, की नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी काढायची आणि घरी सोडायचं. घरी काही घासमावशी मिळत नाही. म्हणून सोमवारपासून दुपारची वाटी रेडिओच्या हाती आली.

ती शिकली मात्र झटकन. छत्रीच्या काड्या बसवणारी बाई, हात हलका, चमचा अगदी ओठाला टेकवावा तसा. हनुवटी, श्वास, गिळणं, सगळं तिने पाठ केलं होतं. मावशीला चूक काढायला जागा मिळेना आणि त्याचाच तिला राग आला. पहिला घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला चावीवाला असा काही ठसकला की खाट हादरली, मानेच्या नळीतून निळा फेस उडून रेडिओच्या बाहीवर पडला. सिस्टर धावल्या, नळी साफ केली. रेडिओ भिंतीला टेकून उभी राहिली आणि प्रथमच गप्प झाली. मावशीने संध्याकाळची वाटी त्याला पंचवीस मिनिटांत भरवली, एक टिपूस इकडचं तिकडे झालं नाही. त्या दिवशी ती मोठ्या खुशीत घरी गेली, ते लपवण्यात अर्थ नाही.

मंगळवारी पुन्हा तेच. पण मंगळवारी मावशीने चमच्याकडे न बघता चावीवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. रेडिओने घास दिला, आणि घास तोंडात असतानाच, आपण बोललो हे तिलाही कळू नये इतक्या सहज, ती म्हणाली, "कसं झालंय हो?"

त्याचे ओठ हलले. तोंडात घास, मानेला भोक, आवाजाचा पत्ता नाही, आणि हा माणूस उत्तर द्यायला निघाला होता. गिळताना जे दार मिटायचं, ते बोलायला म्हणून उघडलं, आणि घास सरळ छातीत.

मावशीला त्या क्षणी सगळं कळलं. सांगायला तिने जीभ उचललीही होती. दोन शब्दांचं काम होतं, विचारू नका. पण तेवढ्यात दुसरंही काहीतरी कळलं आणि जीभ टाळ्यालाच चिकटली. आपल्या हातून हा इतका नीट जेवतो ते आपला हात चांगला म्हणून नव्हे. याला आपल्याशी काही बोलायचंच नसतं. आपण समोर असताना याचे ओठ एकदाही हलले नाहीत. आणि हा एकटाच कशाला, बावीस वर्षांत जेवढे गळे आपल्या हाताखालून गेले ते सगळे असेच मुकाट जेवून गेले, आणि आपण त्याला आपली कला समजत होतो. या छत्रीवाल्या बाईने एक साधा प्रश्न विचारला तर हा जीव धोक्यात घालून उत्तर द्यायला जातो.

तिच्या छातीत असं काही जळलं की तिने हातातली वाटी खाली ठेवली. आणि मग ती मूग गिळून बसली.

उद्या सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. बुधवारी सकाळी म्हणाली, तिचं तिला कळू दे की, अक्कल काय मीच वाटत फिरू. बुधवारी दुपारी पुन्हा ठसका, पुन्हा निळं. रेडिओ मावशीच्या मागे मागे पॅन्ट्रीत आली. मावशी पातेलं घासत होती. रेडिओ दाराशी उभी राहून म्हणाली, मावशी, तुमच्या हातात काय आहे ते मला सांगा. मावशी म्हणाली, हाताला वळण लागतं हळूहळू. इतकं शुद्ध खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

रेडिओ तिथून हलली नाही. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"खोटं कशाला बोलू मावशी, मला तुमचा राग येतो. संध्याकाळी तुम्ही भरवता तेव्हा मी दाराच्या काचेतून बघते. ते तुमच्याकडून कसे खातात, आणि शेवटी कपाळाला हात लावतात. माझ्यासाठी कधी लावला नाही हो त्यांनी हात. जळते मी तुमच्यावर."

मावशी पातेलं घासत राहिली. तिला हसू यायला हवं होतं, कारण बावीस वर्षं ती हेच ऐकायला आसुसलेली होती आणि आजवर कुणी इतकं तोंडावर म्हटलं नव्हतं. पण हसू आलं नाही. एवढी जळणारी बाई समोर उभी आहे, आणि जळायचं खरं कारण तर मला आहे, हे तिला सांगायचं कसं. तिने फक्त म्हटलं, ताई, बाजूला व्हा, पाणी उडेल.

गुरुवारी सकाळी चावीवाल्याला ताप भरला. छातीत घरघर. तीन दिवस जे चुकीच्या वाटेने गेलं होतं ते आता बोलायला लागलं होतं. मोठे डॉक्टर फेरीला आले, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि तोंडाने सगळं बंद म्हणाले. मग त्यांनी रेडिओला बोलावून समजावलं. ताप उतरला तर शुक्रवारी दुपारी एक शेवटची वाटी. तीही नाही जमली तर शनिवारी सकाळी पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवू, घरी गेल्यावर तिच्यातूनच पातळ अन्न घालायचं. तोंडाने जेवण पुन्हा कधी, ते आत्ता सांगता येणार नाही. छातीत आणखी एकदा असं गेलं तर निभावणं कठीण होईल.

रेडिओने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे चव कळणार नाही त्यांना? डॉक्टर म्हणाले, पोट भरेल. चावीवाला खाटेवरून बघत होता. त्याने डोळे मिटून घेतले. मावशी गाडीचा दांडा धरून तिथंच उभी होती, आणि सिस्टर तिला म्हणाल्या, तुम्ही तरी काय करणार मावशी, तुम्ही तर सगळं शिकवलंत. मावशीने मान हलवली. मान कशी हलली, होकाराची की नकाराची, ते तिचं तिलाच कळलं नाही.

घरी जाताना ती स्वतःशीच भांडत होती. पोटातून नळी म्हणजे काही मरण नव्हे. तिने अशी पन्नास माणसं पाहिली होती, चांगली हिंडतात फिरतात. आणि चूक काय माझी, मी का त्या बाईला सांगायला गेले होते बडबड कर म्हणून. भांडण तिनेच जिंकलं, पण चैन काही पडेना.

तिचा नवरा एका गोदामावर पहारेकरी होता. दोघांच्या पाळ्या अशा की ही येई तेव्हा तो जाई. ही स्वयंपाक करून झाकून ठेवी, तो उठून जेवी आणि ताट घासून पालथं घाली. ताट पालथं म्हणजे नवरा जेवला. असा संसार वर्षानुवर्षं चालला होता, आणि भांडण नाही तंटा नाही म्हणून शेजारणी तिचा हेवा करत. त्या संध्याकाळी मावशी लवकर पोचली. तो जेवायलाच बसला होता. तिने त्याला वाढलं आणि समोर बसली. तो जरा बिचकला, कारण समोर कुणी बसायची त्याला सवय नव्हती. तिने चार घास जाऊ दिले. मग विचारलं, "कसं झालंय?"

त्याचा हात थांबला. त्याने भाजीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"का? काही पडलं बिडलं होतं का त्यात?"

"नाही. सहज विचारलं."

"मग ठीकच असणार," तो म्हणाला, आणि पुढे जेवू लागला. वाईट माणूस नव्हता तो. जेवून उठला, ताट घासलं, पालथं घातलं, आणि बूट चढवून कामाला गेला. मावशी त्या ताटाकडे बघत बसली. तिला रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिला नुसता राग येत होता, आणि तो राग नवऱ्यावर नव्हता, भाजीवर नव्हता, तो सरळ जाऊन त्या छत्रीवाल्या बाईवर बसत होता. काय केलंय हिने असं, म्हणून हिला उत्तर मिळावं.

शुक्रवारी ताप उतरला. बाराला रेडिओ आली, ती गप्पच. डोळे सुजलेले. हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा धुतले. सिस्टर घड्याळ बघत पायथ्याशी उभ्या राहिल्या. मावशीने निळ्या लगद्याची वाटी आणून तिच्या हातात दिली. चावीवाल्याने उशीवरून उठून हनुवटी आधीच छातीला लावून ठेवली होती. भेदरलेली माणसं बसतात तसा तो बसला होता, आणि डोळे मात्र बायकोच्या तोंडाकडे.

त्या डोळ्यांत मावशीला दिसलं की हा आजही उत्तर देणार. ही विचारणार, आणि हा शनिवारची सुरी डोक्यावर टांगलेली असूनही उत्तर देणार. हिची जन्माची सवय आणि याची जन्माची सवय, दोघं मिळून याच्या छातीत घास घालणार, आणि आपण हे होताना बघणार.

सिस्टर म्हणाल्या, चला, करा सुरू. रेडिओने चमचा भरला.

"ताई, थांबा," मावशी म्हणाली. "घास तोंडात असताना त्यांना काही विचारू नका."

"काय विचारते मी?"

"कसं झालंय म्हणून विचारता. प्रत्येक वेळी. तिसऱ्या चमच्याला."

रेडिओला पटेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली, हो, विचारतेस.

"ते आपोआप निघतं हो तोंडातून," रेडिओ म्हणाली. "तीस वर्षं विचारतेय. त्याने काय होतं?"

"हे उत्तर द्यायला जातात." मावशी म्हणाली. "बोलायला गेलं की आतलं दार उघडतं आणि घास छातीत जातो. माझ्या हातून ठसका लागत नाही त्याचं कारण एवढंच आहे. त्यांना माझ्याशी काही बोलायचं नसतं. तुमच्याशी बोलायचं असतं."

रेडिओ बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे काही चढत गेलं ते मावशीला बघवेना, आणि नजरही काढवेना. आपल्या हाताने आपण हिला हे दिलं, असं तिला वाटलं, आणि पुन्हा छातीत तसंच जळलं.

मग रेडिओ मावशीकडे वळली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच, म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं.

"मंगळवारी," मावशी म्हणाली.

सिस्टरांनी चमकून वर पाहिलं. रेडिओ म्हणाली, "आधी त्यांना जेवू दे. मग तुमच्याकडे बघते."

तिने पहिला चमचा दिला आणि ओठ असे मुडपले की त्यांची नुसती रेघ उरली. दुसरा दिला. तिसऱ्या चमच्याला चावीवाला घास तोंडात धरून थांबला. भुवया वर गेल्या. तो वाट बघत होता. रेडिओने डोळ्यांनीच सांगितलं, नंतर. त्याने श्वास रोखला, गिळलं, पुन्हा गिळलं, खाकरला. सिस्टर वाकल्या, नळी तपासली. स्वच्छ.

चौथा. पाचवा. रेडिओच्या कपाळावर घाम जमा झाला होता. गप्प बसण्याचे इतके कष्ट घेतलेलं माणूस मावशीने पाहिलं नव्हतं. दहाव्या चमच्याला पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकला तर तिघीही दचकल्या. पंधरावा. सतरावा. वाटीचा तळ दिसला, रेडिओने कडेने खरवडून अखेरचा अर्धा चमचा जमवला आणि तोही गेला. पस्तीस मिनिटं झाली होती. सिस्टरांनी बॅटरी लावून नळीत पाहिलं, छातीला कान लावला, आणि म्हणाल्या की उद्याचं रद्द करायला सांगते डॉक्टरांना. असं म्हणून त्या फोनकडे गेल्यासुद्धा.

मावशी तिथंच उभी राहिली. तिला बोलणी खायची होती. मंगळवार ते शुक्रवार, ताप, घरघर, सगळ्याचा हिशेब ही बाई आता मागणार, सगळ्या वॉर्डासमोर मागणार, आणि मागूच दे, असं तिने मनाची तयारी करून ठेवली होती. रेडिओ तिच्याकडे वळली. पण विचारलं तिने भलतंच.

"त्यांचं तोंड रिकामं झालं ना? आता विचारू?"

मावशीने चावीवाल्याला तोंड उघडायला लावलं, जिभेखाली पाहिलं. "विचारा," ती म्हणाली.

रेडिओ पुढे वाकली. "कसं झालं होतं हो?"

चावीवाल्याने डाव्या हाताचं बोट मानेच्या नळीवर ठेवलं. अर्ध्या स्वरयंत्रातून हवा घुसली, खरखर झाली, आणि दारावर लोखंड घासावं तसा एक आवाज आला. ऑपरेशननंतरचा पहिला.

"मीठच नाही."

रेडिओ आधी त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती हसायला लागली, हसता हसता तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिचं बोलणं सुरू झालं. अहो, ते मी नाही केलं, माझ्या नावावर कशाला, घरी चला, घरी गेल्यावर घालते हवं तेवढं, आठ दिवस हेच खाताय का, कुणाला सांगायचं तरी. त्याने पुन्हा नळीवर बोट ठेवलं आणि आणखी काही म्हणाला, ते तिला एकटीलाच कळलं. मावशीकडे बघायचं होतं ते ती साफ विसरून गेली होती. शिव्यासुद्धा मावशीच्या वाट्याला आल्या नाहीत.

मावशीने रिकामी वाटी उचलली आणि पॅन्ट्रीत आली. पातेल्याच्या तळाशी थोडा लगदा उरला होता. तिने बोटावर घेऊन चाखला. बावीस वर्षांत प्रथमच. ताज्या जखमेला झोंबेल म्हणून मीठ घालू नये, असं तिला कामावर लागली त्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं, कुणी ते आता आठवतही नव्हतं, आणि तेव्हापासून तिने ते कधी घातलं नव्हतं. अगदीच पाणचट लागत होता. शेकड्यांनी माणसं हेच गिळून, हात जोडून घरी गेली. एकानेही तिला सांगितलं नाही. पण तिने तरी कुठे कुणाला विचारलं होतं.